साडेबारा फेरे

बाबांबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं, आणि त्यांना जाऊन नऊ दिवस झाले तरी लेकीच्या कागदावर साडेतीन ओळींच्या पुढे काही सरकलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या खालच्या दालनात सभा ठरली होती. खुर्च्या वाचनालयाच्या, चहा गल्लीचा आणि बोलणं घरच्यांचं, अशी वाटणी झाली होती. आईने आधीच अंग काढून घेतलं होतं. चार माणसांपुढे उभी राहिले की माझा आवाज बसतो, म्हणाली. राहिली एकुलती एक लेक. ती साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करत होती. कुठल्या वडीत ओलावा किती टक्के, हे ती दोन दशांशांपर्यंत सांगायची. पण जे मोजलेलं नाही त्यावर बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. बाबा तिला लहानपणापासून ‘मोजणी’च म्हणत.

साडेतीन ओळींत बाबांचं जन्मवर्ष होतं, चष्म्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं भिंगं घासल्याचं होतं, रोज पावणेसहाला फिरायला जाण्याचं होतं. चौथी ओळ ‘स्वभावाने ते’ इथे तुटली होती. त्याचं कारण भेटायला येणारी माणसं. घरात बाबांच्या बोलण्याचे तीनच प्रकार होते: ‘हं’, ‘बरं’ आणि ‘बघू’. आणि येणारा जो तो सांगत होता की काका बोलायला लागले की हातातला चहा गार व्हायचा. पाववाला म्हणाला, रस्त्याने गुणगुणत जायचे, सुरात हो. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, नकला काय करायचे, आमची हसून मुरकुंडी वळायची. गल्लीने त्यांना ‘घड्याळकाका’ असं नाव ठेवलं होतं, हेसुद्धा घरी कोणाला ठाऊक नव्हतं. लेकीने वहीत दोन रकाने पाडून पाहिले, घरचे आणि गल्लीचे. एकच नमुना दोन प्रयोगशाळांत धाडावा आणि दोन्हीकडून भलत्याच पदार्थांची नावं यावीत, तसं झालं. आई म्हणाली, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय." आणि भांडी घासायला उठली.

भांडी घासणं हा सध्या आईच्या सुखाचा भाग होता. त्यासाठी पाण्याची गोष्ट सांगायला हवी.

घर पहिल्या मजल्यावर, खाली एक बंद दुकान, आणि जिन्याला एकवीस पायऱ्या. नळाला पाणी पहाटे सहाला यायचं आणि साडेसातला जायचं. खालच्या गल्लीतली बाकीची घरं बैठी. त्यांच्या जमिनीतल्या टाक्या बारीक धारेवरही भरायच्या. वर नळ असलेलं घर हे एवढं एकच. आईच्या म्हणण्याप्रमाणे तिथवर पाणी चढायचंच नाही. नळ नुसता फुरफुरायचा, आणि मग जिन्याखालच्या नळावर पिंप भरून त्यातून बादल्या वाहायच्या. लेकीने हे गाऱ्हाणं फोनवर वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पण ती वर्षातून दोनदा चार-चार दिवस यायची तेव्हा वरच्या नळाला पाणी असायचं. धो-धो नाही, पण असायचं. शेवटी तिने घड्याळ लावून मोजलं. बारा लिटरची बादली, पंचावन्न सेकंद. पुढच्या खेपेला अठ्ठावन्न. अशा सहा खेपांचे आकडे तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहिले होते आणि आईला दाखवले होते: बघ, येतं की.

"तू आलीस की येतं," आई म्हणाली होती. "तुझ्याबरोबर येतं आणि तुझ्याबरोबर जातं."

बाबा तिथेच बसून चष्मा पुसत होते. ते ‘हं’सुद्धा म्हणाले नव्हते. आईला जरा चढवून सांगायची सवय आहे, एवढी नोंद लेकीने मनाशी करून ठेवली होती.

आणि आता बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नळ असा सुटला होता की खाली धरलेली वाटी हातातून उडावी. आई पहिल्या दिवशी नळाकडे बघतच राहिली. म्हणाली, "खात्याकडे अर्ज करा, अर्ज करा, म्हणून एकोणीस वर्षं घसा कोरडा केला मी. आता थेट वरच्या साहेबालाच गाठलेलं दिसतंय." स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, आणि हसता हसता पदराआड रडली. लेकीला त्यात नवल वाटलं नाही. ती घरी होती, म्हणजे पाणी येणारच. सवयीने तिने बादली लावली. एकतीस सेकंद. हा आकडा मात्र आधीच्या सहांत बसत नव्हता. कुठेतरी नळी बदलली असेल, असं म्हणून तिने तो सातवा लिहून टाकला.

गुरुवारी दुपारी वरच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाई भेटायला आल्या. वरची गल्ली म्हणजे चढावरची चाळीस घरं. या बाईंचं अगदी शेवटचं. शाळांचे गणवेश शिवायच्या, बोटांना सुईची भोकं. आई तेव्हा घरी नव्हती. लेकीच्या मुलीला, आपल्या नातीला, बरोबर घेऊन खांदा दाखवायला दवाखान्यात गेली होती. खांद्याचं दुखणं जुनं होतं, चार वर्षांचं. बाईंनी चहा घेतला, काकांचं चांगलं बोलल्या, आणि उठायच्या बेताला येऊन पुन्हा बसल्या. म्हणाल्या, "ताई, दुःखाच्या घरी विचारू नये. पण आता चावी कोणाकडे?"

"कसली चावी?"

"व्हॉल्व्हची. काका फिरवायचे ती."

लेकीने सांगितलं की बाबा पहाटे फिरायला जायचे. बाई म्हणाल्या, फिरायलाच, पण आधी चावी, मग फिरणं. पावणेसहाला वाचनालयासमोरचा व्हॉल्व्ह आवळायचे, तेव्हा कुठे पाणी वर चढायचं. आणि पाणी गेलं की परतताना सोडून ठेवायचे. पाऊस असो, ताप असो. आता नऊ दिवस वरच्या गल्लीला थेंब नव्हता. माणसं खालून कळशा वाहत होती. पण काकांच्या घरी इतक्यात विषय काढायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. बाईंच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांचा निरुपाय झाला.

लेक ऐकत होती आणि तिला शब्द कळत होते, त्यांची बेरीज होत नव्हती. खातं आहे, खात्याचा माणूस आहे; भिंगं घासणाऱ्याचा व्हॉल्व्हशी काय संबंध?

बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही माहेरी आलात की आम्हाला न सांगता कळायचं. वरचे नळ बारीक व्हायचे, माझा तर बंदच. काका आधीच सांगून ठेवायचे, लेक येतेय, चार दिवस सांभाळून घ्या. आम्ही म्हणायचो, घ्या हो काका, लेकीचे लाड करायचे नाहीत तर कोणाचे."

"आणि बाकीचे दिवस?" लेकीने विचारलं. "बाकीचे दिवस आमच्याकडे?"

"तुमच्याकडे काय, उताराला घर. काका म्हणायचे, आमच्याकडे नळाखाली वाटी ठरत नाही."

बाई गेल्यावर लेक किती वेळ तशीच उभी होती, हे तिने मोजलं नाही. मग ती जिन्याखाली गेली. छत्र्यांच्या मागे, भिंतीला टेकवलेली, कमरेइतक्या उंचीची एक लोखंडी दांडी होती. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. ती तिथे कायमच होती. आई तिला दुकानाची दांडी म्हणायची आणि केर काढताना बाजूला सारायची. मुठीवरचा रंग दोन जागी घासून गेला होता, बरोबर दोन तळव्यांच्या अंतरावर.

ती दांडी हातात असतानाच आई आणि नात परतल्या. आई पायऱ्या चढून गेली. नात, वय वर्षं नऊ, खालीच थबकली. तिने आधी आजी वर गेली की नाही ते पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "गल्लीला चावी द्यायची का?"

तिच्याकडून कळलं ते असं: सुट्टीत आजोबा तिला बरोबर न्यायचे. म्हणायचे, गल्ली हे मोठं घड्याळ आहे, रोज चावी दिली नाही तर बंद पडेल. ती मोजायची, ते फिरवायचे. आठ फेरे. हे फक्त दोघांतलं गुपित होतं. आता आजोबा नाहीत, तेव्हा ते सांगितलेलं चालेल का, याचा तिला तीन दिवस प्रश्न पडला होता.

"रोज आठच?"

"मी असताना आठ. मी नसताना किती, ते मीसुद्धा विचारलं होतं." तिने आजोबांसारखी हनुवटी खाली घेतली. "म्हणाले, बघू."

शुक्रवारी लेक पाणीखात्याच्या कचेरीत गेली. मागच्या खोलीत ग्रीसचा वास, भिंतीवर नळ्यांचा नकाशा, आणि नकाशाखाली स्टुलावर एक पाय लांब करून बसलेला व्हॉल्व्हवाला. निवृत्तीला चार महिने उरले होते. दांडी बघताच त्याने पाय खाली घेतला. त्याची पहिली भीती आपल्या नोकरीची होती, ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. ती तक्रार घेऊन आलेली नाही, हे पटल्यावर मात्र तो मोकळा झाला.

एकोणीस वर्षांपूर्वी बाबा याच खोलीत अर्ज घेऊन आले होते. बायकोच्या सांगण्यावरून, आमच्या वरच्या मजल्यावर पाणी येतं, पण लवकर जातं म्हणून. व्हॉल्व्हवाल्याने त्यांना नकाशा दाखवला. मुख्य नळीला इथे दोन फाटे. खालच्या फाट्यावरचा व्हॉल्व्ह सताड उघडा, म्हणून सगळं पाणी उताराला. वरच्या गल्लीला काहीच नाही. तो रोज पहाटे आवळायला हवा, आणि पाणी गेल्यावर सोडायला हवा. पण त्याच वेळेला गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी नऊ व्हॉल्व्ह, आणि माणूस हा एकटा. बाबा नकाशासमोर अर्धा तास उभे होते. मग त्यांनी विचारलं, चावी दुसरी मिळते का?

"थोडं जास्त मागायला आले होते," व्हॉल्व्हवाला म्हणाला, "आणि होतं तेही देऊन गेले. मी म्हटलं, अहो, तुमचंच घर कोरडं पडेल. तर म्हणाले, एक घर आणि चाळीस घरं, हिशेब सरळ आहे."

"किती फेरे?"

"पूर्ण बंद व्हायला सतरा. वरच्या शेवटच्या घरी धार यायला साडेबारा. आम्ही दोघांनी आठवडाभर खपून काढला होता आकडा. अर्ध्या फेऱ्याचा माणूस हो तुमचा बाप. भिंगं घासणारा ना."

ती उठणार तेव्हा त्याला आणखी एक आठवलं. चार वर्षांपूर्वी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, बाबा काठी टेकत आले होते. विचारत होते, अर्धा कमी केला तर चालेल का, बारावर थांबलो तर? करून बघा म्हटलं. त्यांनी केलं. आठ दिवसांनी शिवणवाल्या बाईंनी आपण होऊन सांगितलं की काका, शेवटच्या घराला काही पोचत नाही, म्हाताऱ्या माणसाचं करायचं कसं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा साडेबारा.

"का विचारलं होतं, ते नाही सांगितलं?"

"मी विचारलं. ते नेहमीचंच. बघू म्हणाले."

घरी येताना लेकीने सवयीने गुणाकार मांडला. ऑपरेशनपर्यंत बादल्या बाबाच वर न्यायचे; फिरून आले की आधी बादल्या, मग चहा. त्यानंतर आई. दिवसाला दहा, एकवीस पायऱ्या, चार वर्षं. तीन लाखांच्या वर पायऱ्या भरत होत्या. उत्तर बरोबर होतं आणि त्याने काहीच कळत नव्हतं. उलट बाजूने मांडलं, चाळीस घरं, एकोणीस वर्षं, तर तेही बरोबर येत होतं. आणि मधे कुठेतरी ती स्वतः उभी होती, हातात घड्याळ घेऊन. पाणी असलेले तेवढेच दिवस तिने मोजले होते आणि त्यावरून आईला खोटं पाडलं होतं. कारखान्यात कोणा नवशिक्याने असे निवडून नमुने घेतले असते, तर तिने त्याला दिवसभर बाटल्या विसळायला बसवलं असतं.

आईला सांगावं की नाही, यावर तिने शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ घालवली. सांगितलं, तर माणूस गेल्यावर त्याच्याशी भांडायचं कसं? नाही सांगितलं, तर रविवारी वाचनालयात वरची गल्ली आईसमोरच चावीचं कौतुक करणार. आणि दांडी जिन्याखाली परत ठेवली, तर शिवणवाल्या बाईंचे सासरे कोरडे.

शनिवारी दुपारी आई ताटं पुसत होती तेव्हा लेकीने सांगून टाकलं. अहवाल वाचावा तसं, क्रमाने, एकही विशेषण न लावता. आई ताटं पुसत राहिली. पुसलेलं ताट पुन्हा पुसलं.

"आठ दिवस?" ती म्हणाली.

"हो."

"आठवतात मला. ऑपरेशनचे टाके निघाले त्या सुमाराला. सकाळी नळ सोडला आणि पाणी. मी यांना हाक मारली, म्हटलं, बघा, कोणीतरी चांगला साहेब आलेला दिसतोय. आठ दिवस मी त्या साहेबाला दुवा देत होते. नवव्या दिवशी बंद. मी म्हटलं, बदली केली मेल्यांनी त्याची." ताट तिने खाली ठेवलं. "हे तिथेच बसले होते. चहा पीत."

लेकीने ते ताट उचलून मांडणीवर ठेवलं.

"तू आलीस की आठ. नात आली की आठ. माझ्यासाठी साडेबारा." आईने बोटं दुमडून मोजल्यासारखं केलं. "घरचं सोडून लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं पाहिली आहेत मी. पण हे बादल्याही आणायचे गं. पंधरा वर्षं आणल्या. मला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, किती करतात माझं."

मग तिने कपाटाचं दार उघडलं आणि पेन्सिलीचे आकडे बघत उभी राहिली. लेक म्हणाली की ते मी पुसून टाकते, चूक माझी होती. आई म्हणाली, राहू दे, तू होतीस तेव्हाच मोजलंस, तू तरी काय करणार. दार लावून तिने विचारलं, "चांगले होते का गं ते?"

सहा दिवसांपासून लेक याच प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायचा प्रयत्न करत होती.

"मला नाही कळत, आई."

"मलाही," आई म्हणाली, आणि पंप बसवू या असं तिने किती वेळा सुचवलं होतं, ते सांगायला लागली. बाबा म्हणायचे, पंप म्हणजे दुसऱ्याच्या नळातलं ओढून घेणं. तेव्हा तिला ते तत्त्व वाटलं होतं. आता ती म्हणाली, तत्त्वच असेल. पण ते तत्त्व होतं की पंप बसवणारा येऊन व्हॉल्व्हचं बिंग फोडेल ही धास्ती, हे आता कोणाला विचारायचं?

रविवारी दालन भरलं. पाववाला, न्हावी, वरच्या गल्लीची निम्मी माणसं, कडेला भिंतीशी एक पाय लांब करून व्हॉल्व्हवाला. आई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. लेक उठली. जन्मवर्ष सांगितलं, भिंगांचं सांगितलं. "माझे वडील रोज पावणेसहाला," एवढं म्हणाली आणि तिथे तिची गाडी अडली. वरच्या गल्लीतले लोक माना डोलवायला लागले होते. त्यांना पुढचं वाक्य पाठ होतं. ती कागद उलटा करून पाहत राहिली. मागे कोरं होतं.

तेव्हा आई उठली. उठून ती वळली, गल्लीकडे तोंड करून.

"आमच्याकडे नळाखाली वाटी ठरत नाही, असं सांगायचे ना तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज मुळीच बसला नव्हता. "माझ्याकडे एकोणीस वर्षं नळाला वारा यायचा. पटत नसेल तर माझ्या खांद्याला विचारा."

शिवणवाल्या बाई अर्ध्या उठल्या, तोंडावर हात धरून. त्या काय म्हणाल्या ते मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी मागे सांगितलं, की आम्हाला ठाऊक नव्हतं, काकू, देवाशपथ नव्हतं.

"तुम्हाला बोल नाही लावत," आई म्हणाली. "एवढंच विचारते. ठाऊक असतं तर काय केलं असतंत?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग शिवणाचं माप सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाल्या, "एक दिवस आड केलं असतं. एक दिवस आम्ही, एक दिवस तुम्ही. पिंपं आहेत की आमच्याकडे. एक दिवस पुरतं."

"एवढंच?"

"एवढंच, काकू."

आई हळूच खाली बसली. मांडीवरची पर्स घसरून पडली, ती तिने उचलली नाही. "अख्ख्या गल्लीशी बोलायचा हा माणूस," ती म्हणाली, कोणाकडेच न बघता. "चहा गार होईस्तोवर बोलायचा. आणि हे एक वाक्य नाही निघालं तोंडातून?"

न्हाव्याला हसू फुटलं. त्याने खोकल्यासारखं केलं, पण ते पाववाल्याला लागलं, तिथून पसरलं, आणि थोड्या वेळात दालनातली निम्मी माणसं हसत होती आणि निम्मी डोळे पुसत होती. काही जण दोन्ही. व्हॉल्व्हवाल्याने छताकडे बघत जाहीर केलं की आपण आज सुट्टीवर आहोत आणि इथे काही ऐकलेलं नाही. लेक अजून उभीच होती. तिने कागदाची घडी घातली. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती.

सोमवार वरच्या गल्लीचा ठरला. पहाटे पावणेसहाला तिघी वाचनालयासमोर आल्या. लेकीने चेंबरचं झाकण उचललं, दांडीचं चौकोनी तोंड आत बसवलं आणि मूठ धरली. आईने तिला कोपराने बाजूला केलं. दुखऱ्या खांद्याचं सांगून उपयोग नव्हता. शेवटी एका बाजूने आई आणि एका बाजूने लेक, असं फिरवायला लागल्या. नात मोजत होती. पाववाला सायकलवरून जाता जाता ‘निघालात का काकू’ म्हणाला, जणू त्या रोजच निघत होत्या.

"आठ," नात म्हणाली आणि सवयीने थांबली. "झालं."

"अजून आहेत," आई म्हणाली. "तुझ्यापुरतं झालं."

नऊ. दहा. चावी जड होत गेली. अकरा. बाराला आई थांबली, म्हणून लेकही थांबली. आईने मूठ सोडली नाही. तिने दांडी थोडी पुढे नेली, पुन्हा मागे आणली. पुढे, मागे, कापडाची जाडी बोटांत बघावी तशी.

"इथे आठ दिवस आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि अर्धा म्हणजे इथून इथपर्यंत?"

लेकीने हाताने दाखवलं. मुठीचं हे टोक फिरून त्या टोकाच्या जागी येईल, एवढंच.

"एवढाच असतो?" आई म्हणाली.

ती रागावली आहे की हसते आहे, हे लेकीला त्या उजेडात दिसलं नाही. मग आईने मूठ दोन्ही हातांनी धरली, रंग गेला होता बरोबर त्याच जागी, आणि लेकीची वाट न बघता राहिलेला अर्धा फेरा एकटीने फिरवला.